रांगेतल्या अनोळखी माणसाचा हक



दवाखान्यात नंबर लावणे, डॉक्टरांची वेळ घेणे, कोणत्या दुखण्यासाठी कोठे जावे हे ठरवणे, या गोष्टी आपण निव्वळ व्यवहाराच्या मानतो. नमाज, रोजा, जकात आणि हज यांविषयीचे बारीकसारीक प्रश्न आपण आलिमांना विचारतो. केसपेपरच्या रांगेविषयी कोणी विचारत नाही. माझाही समज असाच होता. काही वर्षांपूर्वी एका सकाळी जे घडले, त्यानंतर तो टिकला नाही. ती हकीकत प्रथम आपल्यापुढे ठेवतो, कारण या लेखातील प्रश्न तिच्यातूनच निघाला आहे.

अम्मींचे गुडघे बरेच दिवस दुखत होते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांची ओपीडी आठवड्यातून दोनच दिवस असे. आम्ही पोहोचलो तेव्हा उशीर झाला होता. केसपेपरवर ६१ हा आकडा पडला. बाकावर आमच्या शेजारी एक वृद्ध शेतकरी आणि त्यांची पत्नी बसली होती. त्यांचा नंबर ५८. पहाटेची एसटी पकडूनही त्यांना पोहोचायला नऊ वाजून गेले होते. बाईंचा हात गळ्यात बांधलेला होता. अकरा वाजेपर्यंत तीस नंबर झाले. एक वाजता तपासणी बंद होणार होती. मी बाहेर जाऊन एका परिचिताला फोन केला. दहा मिनिटांत एक कर्मचारी आला, आमचा केसपेपर घेऊन आत गेला आणि बाजूच्या दाराने आम्हाला बोलावणे आले. डॉक्टरांनी अम्मींना नीट तपासले. आपण किती कर्तबगार मुलगा आहोत, असे मला त्या वेळी वाटले.

दुपारी बसस्थानकावर तेच जोडपे भेटले. नंबर ५४ पर्यंत येऊन थांबला होता. उरलेल्यांना पुढच्या ओपीडीला यायला सांगितले होते. त्या शेतकऱ्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांनी एवढेच विचारले, "आईंना बघितलं ना नीट? बरं झालं. आमचं आता गुरुवारी." तेवढ्यात त्यांची बस लागली आणि ते गेले. मग अम्मी म्हणाल्या, "बेटा, त्यांचा नंबर आपल्या आधी होता." मी गप्प राहिलो. त्यांचे नाव मी विचारले नव्हते, गावही विचारले नव्हते.

आता प्रश्न असा की, त्या सकाळी मी गुन्हा केला काय? मी चोरी केली नव्हती, लाच दिली नव्हती, खोटे बोललो नव्हतो. आईची सेवा करत होतो, आणि आईच्या सेवेचा दर्जा आपल्या धर्मात किती उंच आहे हे आपणास ठाऊकच आहे. शिवाय माझ्या एकट्यामुळे त्यांचा नंबर गेला असेही म्हणता येत नाही. त्या सकाळी बाजूच्या दाराने आत गेलेले आम्ही पहिले नव्हतो आणि शेवटचेही नव्हतो. अशा चार-पाच जणांनी मिळून ५८ नंबरच्या माणसाची पाळी खाल्ली. प्रत्येकाच्या वाट्याला अपराधाचा एवढा लहान तुकडा आला की तो कोणाला दिसलाच नाही. या प्रकारचे पाप असेच लपते.

इस्लामने माणसाच्या जबाबदाऱ्यांचे दोन भाग केले आहेत. एक हुकूकुल्लाह, म्हणजे अल्लाहचे हक. आणि दुसरा हुकूकुल इबाद, म्हणजे त्याच्या दासांचे हक. अल्लाहच्या हकात झालेली कसूर तो आपल्या कृपेने माफ करील अशी आशा आपण बाळगतो. परंतु माणसाचा हक बुडवला असेल, तर ज्याचा बुडवला त्याची क्षमा लागते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकदा सहाबांना (रजि.) विचारले की दिवाळखोर कोणाला म्हणावे. ज्याच्याजवळ पैसा-अडका नाही तो, असे उत्तर आले. त्यावर प्रेषितांनी (स.) समजावले की खरा दिवाळखोर तो, जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल, पण कोणाला शिवी दिलेली, कोणावर आळ घेतलेला, कोणाचा माल खाल्लेला असेल, आणि त्याची सारी पुण्याई त्या लोकांत वाटून संपून जाईल. हे प्रेषितवचन आपण जुम्याच्या खुत्ब्यात अनेकदा ऐकले आहे. मात्र "माल" या शब्दात रांगेतली पाळी येते, हे आपल्या ध्यानात येत नाही.

त्या जोडप्याचे काय गेले ते मोजून पाहा. दोघांचे येण्या-जाण्याचे एसटी भाडे, दोघांची एका दिवसाची मजुरी, आणि पुढच्या ओपीडीपर्यंतच्या वेदना. यातील पहिल्या दोन गोष्टी उघडउघड पैसा आहेत. तिसरीची किंमत कोणी करू शकत नाही. आणि क्षमा मागायची तर कोणाकडे? मला त्यांचे नावही ठाऊक नाही. ओळखीच्या माणसाचा हक बुडवला तर त्याच्या दारात जाता येते. रांगेतल्या अनोळखी माणसाचा हक बुडवला तर दारच सापडत नाही. म्हणून हा लहान दिसणारा विषय मला लहान वाटत नाही.

पाळीचा मान किती राखावा, याचा धडा प्रेषितांच्या (स.) बैठकीत मिळतो. एकदा त्यांच्यापुढे पेय आणले गेले. ते प्याल्यानंतर पाळी उजव्या हाताच्या माणसाची होती, आणि उजवीकडे एक लहान मुलगा बसला होता. डावीकडे वयोवृद्ध मंडळी होती. प्रेषितांनी (स.) त्या मुलाला विचारले की, तुझी परवानगी असेल तर आधी या वडीलधाऱ्यांना देऊ काय? आपल्या हातून मिळणारा वाटा मी दुसऱ्या कोणाला देणार नाही, अशा अर्थाचे उत्तर मुलाने दिले. प्रेषितांनी (स.) पेला त्याच्याच हाती ठेवला. विचार करा: एकीकडे वय, मान आणि प्रतिष्ठा, दुसरीकडे एक पोर. विचारणारे स्वतः अल्लाहचे प्रेषित. तरीही ज्याची पाळी होती त्याच्या संमतीवाचून ती हलली नाही. एखाद्याला त्याच्या जागेवरून उठवून स्वतः तेथे बसण्यासही प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे.

"पण आईसाठी केले" या युक्तिवादाचे काय? आईची सेवा आपल्या वेळेने, आपल्या झोपेने, आपल्या पैशाने करायची असते. मला त्या दिवशी पहाटे उठून पहिल्या गाडीने जाता आले असते, तर नंबर वीसच्या आत लागला असता. मी आईला जे दिले, ते दुसऱ्याच्या पदरातून काढून दिले. दानधर्म हरामच्या पैशाने होत नाही; सेवाही तशी होत नाही.

येथे एक अपवाद आहे, आणि तो मोठा आहे. ज्याचा जीव धोक्यात आहे, त्याच्यासाठी रांग नसते. छातीत दाबल्यासारखे दुखणे आणि घाम फुटणे, अचानक तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, मोठा रक्तस्राव, श्वास लागणे, अशा प्रसंगी ओपीडीचा नंबर लावत बसू नये. १०८ वर फोन करावा आणि थेट तातडीच्या विभागात जावे. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून झालेल्या झटक्यात ती विरघळवणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तेथे एकेक मिनिट मोलाचे असते. एक जीव वाचवणाऱ्याने जणू सर्व मानवजातीला वाचवले, ही कुरआनची शिकवण अशा वेळी रांगेतल्या प्रत्येकाला लागू होते; त्याने आनंदाने बाजूला व्हावे. फरक इतकाच की कोणाला आधी घ्यायचे हे आजाराच्या गांभीर्यावरून डॉक्टर आणि परिचारिका ठरवतील. आपल्या फोनमधील नंबरांवरून ते ठरू नये.

कोणी म्हातारे माणूस आपल्यामागे उभे असेल आणि आपण त्याला पुढे करू इच्छित असाल, तर तेही पुण्याचे काम आहे. पण मग आपण त्याच्या जागी मागे जावे. आपली पाळी देऊन पुन्हा त्याच्या लगेच मागे उभे राहिलो, तर मधल्या साऱ्या लोकांना आपण न विचारता एक पायरी मागे ढकलले. त्यागाचा खर्च स्वतःच्या खिशातून व्हावा.

आता एक पाऊल मागे जाऊन विचारू या की, ही रांग इतकी लांब होते कशाने? डॉक्टर कमी आहेत, हे खरेच. परंतु आपल्या घरात घेतलेले चुकीचे निर्णयही त्या रांगेत येऊन उभे असतात.

पहिला चुकीचा निर्णय म्हणजे वेळेवर न जाणे, आणि त्याला तवक्कुलचे नाव देणे. बद्दूंनी प्रेषितांना (स.) विचारले होते की आम्ही औषधोपचार करावा काय, त्यांनी करण्यास सांगितले आणि म्हातारपण वगळता अल्लाहने प्रत्येक रोगावर उपाय ठेवला असल्याचे स्पष्ट केले. सीरियाच्या वाटेवर असताना पुढे प्लेग पसरल्याचे कळताच हजरत उमर (रजि.) यांनी लोकांसह माघारी फिरण्याचा निर्णय घेतला. अल्लाहने लिहिलेल्या नशिबापासून पळता काय, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले. एका नशिबाकडून अल्लाहच्याच दुसऱ्या नशिबाकडे जात आहोत, असे उमर (रजि.) यांचे उत्तर होते. उपचार घेणे हेही अल्लाहच्याच योजनेतले आहे. आपल्या देहाचा आपल्यावर हक असल्याचे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला अंगावर काढणारा आपल्या देहाचा हक बुडवतो; तो क्षयाचा निघाला, तर घरातल्या लेकरांचा आणि शेजाऱ्यांचाही बुडवतो. वास्तविक थुंकीची तपासणी आणि क्षयाचे औषध सरकारी केंद्रात विनामूल्य मिळते.

दुसरा चुकीचा निर्णय म्हणजे जागा चुकवणे. साध्या सर्दी-तापासाठी आपण जिल्ह्याच्या रुग्णालयात जातो आणि तेथे ज्याला खरोखर तज्ज्ञाची गरज आहे त्याच्यापुढे उभे राहतो. सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगराळ व आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा निकष आहे. ताप, जुलाब, लसीकरण, गरोदरपणातील तपासण्या, तिशीनंतर रक्तदाब आणि साखर पाहणे, या गोष्टी तेथे किंवा उपकेंद्रात होतात. त्यापुढे ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि मग जिल्हा रुग्णालय अशा पायऱ्या आहेत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. ई-संजीवनी या सरकारी सेवेतून घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला मिळतो. मोठी शस्त्रक्रिया करायची असेल, तर आपले रुग्णालय महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे काय, हे दाखल होण्यापूर्वीच विचारावे. किती कुटुंबे हे न विचारल्यामुळे व्याजाच्या कर्जात उतरतात! योग्य पायरीवर जाणारा माणूस स्वतःचा दिवस वाचवतो आणि वरच्या पायरीवरची एक जागा दुसऱ्या कोणासाठी मोकळी ठेवतो.

तिसरा चुकीचा निर्णय म्हणजे माणूस चुकवणे. कोणाकडे जावे याचा निकष काय? इमाम मालिक (रह.) यांच्या मुवत्तामध्ये एक प्रसंग आहे. एका जखमी माणसासाठी दोन वैद्य बोलावण्यात आले, तेव्हा त्या दोघांत वैद्यक अधिक चांगले कोणाला येते, हे प्रेषितांनी (स.) आधी विचारले. हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) आजारी असताना प्रेषितांनी (स.) त्यांना सकीफ कबिल्यातील हारिस बिन कलदा या वैद्याकडे जाण्यास सांगितले. हारिस यांनी इस्लाम स्वीकारला होता की नाही, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. त्यांच्या विद्येविषयी नाहीत. यावरून निकष स्पष्ट होतो. डॉक्टर आपल्या मोहल्ल्यातला आहे काय, आपल्या नात्यातला आहे काय, यापेक्षा त्याला आपले काम येते काय, हे पाहावे. वैद्यक न जाणता उपचार करणाऱ्यावर नुकसानीची जबाबदारी प्रेषितांनी (स.) टाकली आहे. इ.स. ९३१ मध्ये बगदादेत एका वैद्याच्या चुकीने रुग्ण दगावला, तेव्हा खलीफा मुक्तदिर यांनी सिनान बिन साबित यांच्याकडून शहरातील वैद्यांची परीक्षा घेवविली. आठशेहून अधिक जणांना तिला सामोरे जावे लागले. आज आपले काम त्याहून सोपे आहे. नोंदणीकृत डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर द्यावयाचा असतो, तो पाहावा. महाराष्ट्रातील खासगी शुश्रूषागृहांना रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे २०२१ च्या नियमांनी बंधनकारक आहे. ते वाचावे, नसेल तर विचारावे. एका सुईत बरे करणाऱ्या, पदवी न दाखवणाऱ्या माणसाच्या हाती आपले मूल देणे हा तवक्कुल नव्हे.

आणखी एका हकाकडे आपले लक्ष वेधतो. वेळ ठरवून न जाणे. दहा वाजताची वेळ घेतली, मग पाहुणे आले किंवा कंटाळा आला, आणि आपण गेलो नाही, कळवलेही नाही. त्या पंधरा मिनिटांत दुसरा कोणी तपासला गेला असता. दिलेल्या शब्दाविषयी विचारणा होईल असे कुरआन बजावतो. समोरच्याने आपल्यासाठी वेळ राखून ठेवला, तेव्हा तो शब्दच झाला. जाणे शक्य नसेल तर आदल्या दिवशी एक फोन करावा. फोन फुकट आहे. विसरणे फुकट नाही. अनेकजण "कोठे तरी लागेल" म्हणून एकाच दिवशी दोन-तीन डॉक्टरांकडे नाव नोंदवतात आणि एकाकडेच जातात. उरलेल्या दोन जागा कोणाच्या होत्या, ते अल्लाह जाणतो.

आणि घरातला हक. आपल्या घरात कोणाची वेळ सर्वांत जास्त वेळा पुढे ढकलली जाते, हे आज रात्री जेवताना आठवून पाहा. बहुतेक घरांत उत्तर एकच निघेल: आई, पत्नी किंवा सून. मुलाची परीक्षा आहे, घरात लग्न आहे, रमजान जवळ आला आहे, महिला डॉक्टर मिळत नाही, अशी कारणे होत राहतात आणि दुखणे वाढत राहते. महिला डॉक्टरांना प्राधान्य द्यावे हे योग्यच. परंतु त्या उपलब्ध नसतील तर गरजेपोटी पुरुष डॉक्टरांकडून उपचार घेण्यास आलिमांनी मुभा दिली आहे. हजरत रुबय्यि बिन्ते मुअव्विज (रजि.) आणि त्यांच्या सोबतच्या स्त्रिया रणांगणावर जखमींची शुश्रूषा करत असत. शरीअतने सुकर केलेली वाट आपण आळसाने किंवा लोकलज्जेने बंद करू नये. कुटुंबप्रमुख आपल्या कळपाचा राखणदार आहे आणि त्याला त्याविषयी विचारले जाणार आहे, त्या प्रश्नपत्रिकेत "तिला डॉक्टरांकडे कधी नेले?" हा प्रश्न नसेल असे समजू नका.

वाचकहो, त्या वृद्ध शेतकऱ्याकडे पुन्हा येतो. ज्याचा हक बुडवला तो सापडतच नसेल, तर तौबा करावी, त्याच्यासाठी दुआ करावी आणि त्याच्या वतीने सदका द्यावा, असे आलिमांनी सांगितले आहे. मी दोन माणसांचे एसटी भाडे आणि दोन दिवसांची मजुरी हिशेबाने काढून दिली. मन हलके झाले असे सांगू शकत नाही. पैशाचा हिशेब झाला. त्या बाईंच्या हाताच्या वेदनेचा झाला नाही. तो एक दिवस त्याच दरबारात होईल, जेथे बाजूचे दार नाही आणि कोणाचा फोन चालत नाही.

त्यानंतर अम्मींना नेताना आम्ही पहाटेची गाडी धरतो. नंबर जो लागेल तो लागेल. अम्मी बाकावर तसबीह घेऊन बसतात आणि शेजारच्या बाईला तिचे गाव विचारतात. मीही आता शेजाऱ्याचे नाव विचारतो. रांगेतला माणूस ओळखीचा झाला की त्याचा हक खाणे अवघड जाते, हे मी अम्मींकडून शिकलो.

अल्लाह आपणा सर्वांना आरोग्य देवो, आजाऱ्यांना शिफा देवो, आणि ज्यांची नावेही आपणास ठाऊक नाहीत अशा माणसांचे हक सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.